कार्ड भरलं, आता कोणता गेम उडवू?

मागच्या अंकात टीव्हीला जोडून जुने गेम खेळायच्या डब्याबद्दल लिहिलं होतं, म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारी रेट्रोपाय, बाटोसेरा वगैरे गेमची सॉफ्टवेअरं. तेव्हापासून जे प्रश्न येताहेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, जागा. म्हणून या वेळचं अख्खं सदर जागेलाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, नावं गाळलीत, एरिया तेवढा ठेवलाय.

मानेवाड्याहून एक वाचक: पाय ४ घेतला, सोबत १२८ जीबीचं भरलेलं कार्ड आलं, दहा हजार गेम आहेत म्हणे. पोट्टे खेळतात फक्त मारिओ आणि कॉन्ट्रा. माझ्याकडे प्लेस्टेशनच्या आठ ओरिजिनल सीडी आहेत, त्या टाकायच्या तर जागाच नाही. काय उडवू? काही बिघडणार तर नाही ना?

दादा, आधी हे बघा की जागा खातं कोण. आपण लहानपणी ज्या कॅसेट फुंकून फुंकून लावायचो ना, त्यातला पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा आहे. कॉन्ट्रा १२८ केबी. सकाळी फॅमिली ग्रुपवर जो सुप्रभातचा फोटो येतो तोसुद्धा बऱ्याचदा याच्याहून मोठा असतो. सुपर निन्टेन्डोचा मोठ्यात मोठा गेम ६ एमबी, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा ३२, निन्टेन्डो ६४ चा ६४ एमबी, बस. खरी जागा खाते ती डिस्क. प्लेस्टेशनची एक सीडी ७०० एमबीपर्यंत जाते आणि पीएसपीची, म्हणजे हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशनची, डिस्क १.८ जीबीपर्यंत, म्हणजे हिशोब करा, प्लेस्टेशनच्या एका भरलेल्या सीडीच्या जागेत कॉन्ट्राएवढे पाच हजार गेम मावतात. त्यामुळे लोक रात्र रात्र बसून मारिओच्या काळातले पाचशे गेम एकेक करून उडवतात आणि सकाळी बघतात तर जागा होती तेवढीच, ते याच्यामुळे.

तर तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. कार्डात प्लेस्टेशन २ चं फोल्डर असेल तर ते आधी काढा, त्यातली एकेक फाइल चार-चार जीबीची असू शकते आणि पाय ४ वर ते गेम धड चालतच नाहीत, रांगत रांगत चालतात, मग ठेवून करायचं काय. त्यानंतर पीएसपी बघा. आणि तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे गेमवर थांबलं की बाजूला जो छोटा व्हिडिओ चालतो तो. तो एकेक व्हिडिओ काही एमबीचा असतो, आणि ४० केबीच्या गेमला तीन-चार एमबीचा व्हिडिओ असे हजारो असले की तेच गेमपेक्षा शंभरपट जागा घेऊन बसतात. व्हिडिओ काढले, नुसते फोटो ठेवले तरी मेन्यू छान दिसतो आणि झरझर चालतो. गेम उडवला तरी त्याचे फोटो-व्हिडिओ बऱ्याचदा मागे तसेच पडून राहतात, तेही बघून घ्या.

आता ती दहा हजारांची लिस्ट. एकच गेम चार-चार वेळा असतो, नावापुढे कंसात यूएसए, युरोप, जपान असं लिहिलेलं असतं, कुठे चौकोनी कंसात बी असतं, तो खराब कॉपी झालेला. यूएसएवाला ठेवा, बाकीचे जाऊ द्या, कारण युरोपवाले ५० हर्ट्झवर चालतात आणि पुष्कळसे जरा सुस्त वाटतात. यातून जागा फार सुटणार नाही पण पोट्ट्यांना गेम सापडायला लागेल. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते ना, घरातली ईडा-पीडा घेऊन जा म्हणतो आपण, तसा वर्षातून एकदा या कार्डाचाही दिवस ठरवा, मी खरंच त्याच सुमारास करतो.

आणि काय ठेवायचं हे डोक्याने नका ठरवू. मेन्यूत गेम कलेक्शन सेटिंग्जमध्ये जाऊन 'लास्ट प्लेड' चालू करा आणि पंधरा दिवस काहीच करू नका. घरात खरोखर काय खेळलं जातं ते आपोआप एका लिस्टमध्ये येईल. आवडत्या गेमवर वाय दाबलं की तो फेव्हरिटमध्येही जातो. आमच्या घरी पंधरा दिवसांत १४ गेम निघाले होते, चौदाच.

उडवण्याआधी दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, बायोसच्या, म्हणजे मूळ मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या, फोल्डरला हात लावायचा नाही, प्लेस्टेशनची बायोस फाइल ५१२ केबीची असते, ती उडवून काही मिळत नाही आणि गेम मात्र चालू व्हायचे थांबू शकतात. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची, रेट्रोपायमध्ये तुमचे सेव्ह गेमच्याच फोल्डरमध्ये, गेमच्या शेजारी पडलेले असतात, डॉट एसआरएम म्हणून फाइल असते ती. अख्खं फोल्डर उडवलं की सेव्हही गेले. आणि लॅपटॉपवरून नेटवर्कने उडवलं तर ते रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. म्हणून आधी सगळ्या एसआरएम फाइली लॅपटॉपवर कॉपी करा, मग काय ते करा. बाटोसेरात सेव्हचं फोल्डर वेगळंच असतं, तिथे हा धोका कमी.

भरलेल्या कार्डातले गेम कोणाच्या तरी मालकीचे असतात हेही मनात ठेवा. गेम कुठून डाउनलोड करू असे प्रश्न येतात, त्यांना या सदरात उत्तर मिळणार नाही. तुमच्याकडे आठ सीडी आहेत, त्यांच्या कॉपी काढून खेळा, हाच चांगला रस्ता आहे. कशा काढायच्या ते पुढच्या पत्रात.

धरमपेठेतून कॉलेजची विद्यार्थिनी: माझ्या मामाने त्याच्या प्लेस्टेशनच्या सीडी मला दिल्या. मी लॅपटॉपवर कॉपी काढली तर एका गेमच्या काही बिन फाइली आणि एक क्यू फाइल आली. लॅपटॉपवर चालतं, पायवर टाकलं तर चालत नाही. आणि जागा खूप जाते.

ताई, ती क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ, घाबरू नकोस, आत साध्या चार ओळी असतात. पहिल्या ओळीत बिन फाइलचं नाव लिहिलेलं असतं. म्हणजे क्यू ही नुसती चिठ्ठी आहे, कुठला ट्रॅक कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगणारी. तू बिन फाइलचं नाव बदललंस आणि चिठ्ठीत जुनंच राहिलं तर डबा त्या नावाची फाइल शोधत बसणार. आणि लॅपटॉपवर चालून पायवर न चालण्याचं कारण मला वाटतं कॅपिटल आणि स्मॉलचं असणार, विंडोज तो फरक मानत नाही, पायवरचा लिनक्स मानतो, फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आणि चिठ्ठीत स्मॉल असेल तर लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. दोन्ही नावं अक्षराला अक्षर जुळव.

जागेसाठी सीएचडी कर. म्हणजे सीडीची दाबून लहान केलेली फाइल. हा प्रकार मेमवाल्यांनी काढला, मेम म्हणजे आर्केडचे, नाणं टाकून खेळायच्या मशीनचे, गेम चालवणारा एम्युलेटर, जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, त्यांचंच सीएचडीमॅन नावाचं छोटं टूल आहे, त्याला क्यू फाइल दिली की सगळ्या बिन मिळून एकच डॉट सीएचडी फाइल तयार होते. गेमनुसार फरक पडतो, कुठे तिसरा हिस्सा वाचतो तर कुठे जवळपास निम्मा. आणि यात काही कापलं जात नाही, एमपीथ्रीसारखं नाही हे, त्याच टूलने परत उलटं करून बिन आणि क्यू काढता येतात. टूलला बिन देऊ नकोस, क्यूच दे, नाहीतर गाण्यांचे ट्रॅक बाहेर राहतात आणि गेम मुका होतो.

दोन-तीन सीडींचा गेम असेल तर सगळ्या सीएचडी करून झाल्यावर नोटपॅडमध्ये एकाखाली एक त्यांची नावं लिही आणि ती फाइल डॉट एमथ्रीयू म्हणून सेव्ह कर, मग मेन्यूतून त्या एकाच फाइलवरून गेम सुरू करायचा, मधे डिस्क बदलता येते आणि मेमरी कार्डही सगळ्या डिस्कना एकच राहतं. पण आधी तू तो गेम खेळलेला असशील तर थांब, सेव्ह गेमच्या नावावर चालतो. गेम ज्या नावाने चालू करतेस त्याच नावाची एसआरएम तो शोधतो, म्हणून नवीन फाइलचं नाव जुन्यासारखंच ठेव नाहीतर एसआरएमचंही नाव बदल. 'माझं सगळं गेलं' म्हणून मेल येतात त्यात पुष्कळदा हेच निघतं, गेलेलं काहीच नसतं, नाव तेवढं जुळत नसतं.

महालमधून एक काकू: नातवासोबत दुपारी खेळते. चांगल्या तीन तास खेळलो, गेममध्ये सेव्ह पण केलं, आणि लाइन गेली. परत आली तर सगळं पहिल्यासारखं. नातू रडला हो. सेव्ह करूनही कसं जातं?

काकू, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण हे माझ्या घरीही झालेलं आहे.

तुम्ही गेममध्ये सेव्ह केलं ते बरोबरच केलं. पण जुन्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी असायची आणि सेव्ह त्या बॅटरीच्या जिवावर टिकायचा. या डब्यात बॅटरी नाही, इथे सेव्ह आधी नुसता मेमरीत राहतो आणि तुम्ही गेममधून नीट बाहेर पडलात की मग कार्डावर लिहिला जातो. तीन तास बाहेरच पडला नाहीत, लाइन गेली, तर कार्डापर्यंत काही पोचलंच नाही. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. गेम चालू असताना रेट्रोआर्कचा, म्हणजे आतून गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू उघडा, सेटिंग्जमध्ये सेव्हिंग, तिथे 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' बंद असेल तर तो ३० सेकंदांवर ठेवा. आता दर अर्ध्या मिनिटाला डबा स्वतःच बघेल आणि काही बदललं असेल तर लिहून ठेवेल. कार्ड झिजेल अशी भीती नको, अशी सेव्हची फाइल साधारण ८ केबीची असते, प्लेस्टेशनचं अख्खं मेमरी कार्डसुद्धा १२८ केबीचंच.

खेळ झाल्यावर बटण बंद न करता मेन्यूतून शटडाउन करा, आणि जमलं तर हा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, त्याला एखाद्या बल्बएवढीसुद्धा वीज पुरते. लिहिता लिहिता लाइन गेली तर नुसता सेव्ह नाही, अख्खं कार्डच बसतं कधीकधी.

माझं तसंच बसलं होतं. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला जायच्या आधीचा उन्हाळा आम्ही दोघांनी कूलरसमोर बसून एकच मोठा गेम खेळण्यात घालवला, रोज रात्री जेवण झालं की बसायचो, अर्धा तो खेळायचा अर्धा मी. तो गेला आणि पावसाळ्यात कार्ड मेलं. गेम सगळे एका रविवारी सीडींवरून परत काढले, एकही कमी नाही. पण आमचे ते ६२ तास १२८ केबीच्या एका फाइलमध्ये होते आणि तिची कॉपी कुठेच नव्हती. तेव्हापासून दर रविवारी माझ्या सगळ्या एसआरएम लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर जातात, सगळ्या मिळून दोन-तीन एमबी होतात, मिनिटही लागत नाही. लोक ४०० जीबी गेमचा बॅकअप घेतात आणि सेव्हचा घेत नाहीत, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक, नातवाला सांगा की बटण दाबून जो स्टेट सेव्ह करतो, म्हणजे गेम आहे त्या क्षणी गोठवून ठेवतो, तो सोयीचा आहे पण त्याच्यावरच अवलंबून राहू नकोस. एम्युलेटर अपडेट झाला की जुना स्टेट कधीकधी उघडतच नाही. गेमच्या आतला सेव्ह जास्त टिकाऊ.

हिंगणा रोडवरून: कार्ड पुरेना म्हणून जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क केसमध्ये टाकून पायला लावली. टीव्हीच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं आणि डिस्क टकटक आवाज करून बंद पडते. डिस्क खराब आहे का?

बहुतेक डिस्क चांगली आहे भाऊ, तिला पोटभर वीज मिळत नाहीये. ते पिवळं चिन्ह म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. पाय ४ च्या चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात आणि फिरणारी डिस्क सुरू होताना जोरात ओढते, वर पॅडही तिथेच लावलेले. मोबाइलचा चार्जर लावला असेल तर आधी तो काढा, पायला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. तरी नाही झालं तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या किंवा सरळ छोटी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, घ्या, मी एसएसडीच घेईन. निळ्या पोर्टमध्ये लावा, ते यूएसबी ३ आहेत.

फॉरमॅटचं म्हणाल तर फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. एक्सफॅट विंडोजवर थेट उघडतं, सोयीचं आहे, पण अचानक लाइन गेली की सांभाळून घेण्यात कच्चं. ज्यांच्याकडे लाइट वारंवार जाते त्यांनी ईएक्सटी ४ हा लिनक्सचा फॉरमॅट करावा आणि गेम नेटवर्कवरून टाकावेत. रेट्रोपायमध्ये डिस्कवर 'रेट्रोपाय-माउंट' नावाचं, अर्थात इंग्रजी स्मॉल अक्षरांत, रिकामं फोल्डर करून लावलं की तो आपली फोल्डरं तिकडे तयार करतो, जरा वेळ घेतो, मधेच काढू नका. बाटोसेरात सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टोरेज डिव्हाइस निवडायचं, फक्त जुने गेम आपोआप तिकडे जात नाहीत, ते स्वतः कॉपी करावे लागतात, नाहीतर रिस्टार्टनंतर मेन्यू रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो.

आणि मे महिन्यात हे सगळं टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून ठेवू नका. आपल्याकडे बाहेरच ४५ असतं, पाय ८० डिग्रीला पोचला की स्वतःला हळू करतो, गेम अडखळतो आणि आपण कार्डाला दोष देत बसतो.

कामठीहून: ऑनलाइन ५१२ जीबीचं कार्ड फारच स्वस्तात मिळालं. तीसेक जीबीपर्यंत सगळं चाललं, पुढचे गेम दिसतात पण उघडत नाहीत.

कार्ड नकली आहे. आत ३२ जीबीच असेल आणि ५१२ दाखवायला शिकवलेलं असेल, पुढे टाकलेलं सगळं हवेत जातं, नाव तेवढं दिसतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री नावाची फुकट टूल आहेत, ती कार्ड पूर्ण भरतात आणि परत वाचून बघतात. आधी कार्डातलं जे वाचता येतं ते काढून घ्या, मग टेस्ट लावा, रात्रभर चालू द्या आणि रिझल्टचा स्क्रीनशॉट काढून पैसे परत मागा. नवीन कार्ड घेतलं की पहिल्याच दिवशी ही टेस्ट, मग ते बर्डीच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन. बाकी १२८ च्या कार्डाला ११९ दिसतं ती फसवणूक नाही हां, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

खामल्याहून: आर्केडचे गेम झिपमध्ये आहेत, अनझिप करून टाकले तर एकही चालेना.

अनझिप करायचंच नव्हतं. आर्केडचा झिप हाच गेम, त्याचं नावही बदलायचं नाही. आणि सेट, म्हणजे झिपांचा अख्खा संच, एम्युलेटरच्या व्हर्जनचाच लागतो, मेम २००३ ला ०.७८ चा सेट. निओजिओ या आर्केड मशीनच्या गेमना शेजारी निओजिओ डॉट झिप पण लागते, ती जागा वाचवायला उडवू नका.

इतवारीतून एक आजोबा: नात सहा वर्षांची आहे. ती मेन्यूत काहीतरी दाबते आणि गेम गायब होतात. तिला फक्त चार-पाच गेम दिसतील असं करता येईल का? मला सारखं मुलाला फोन करावा लागतो.

येतं की आजोबा, आणि मुलाला फोन नको, तुम्हीच करा. त्या चार-पाच गेमवर एकेक करून जा, सिलेक्ट दाबा, 'एडिट धिस गेम्स मेटाडेटा' येईल, त्यात खाली 'किडगेम' आहे ते चालू करा आणि सेव्ह करा. सगळे झाले की स्टार्ट दाबून यूआय सेटिंग्जमध्ये यूआय मोड 'किड' करा. आता नातीला तेवढेच गेम दिसतील आणि सेटिंग्जचा मेन्यू उघडणारच नाही, म्हणजे उडवायचा प्रश्नच मिटला. याने जागा वाचत नाही, बाकीचे गेम कार्डात आहेत तिथेच राहतात, फक्त झाकले जातात.

परत सगळं उघडायचं असेल तेव्हा पॅडवर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए असं दाबायचं. हा तोच कोड आहे ज्याने कॉन्ट्रात ३० लाइफ मिळायच्या. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ मध्ये ग्रॅडियस गेमसाठी केला होता आणि या मेन्यूवाल्यांनी तोच कुलपाची किल्ली म्हणून ठेवलाय. तुम्हाला पाठ नसेल तर मुलाला विचारा, तो शाळेत असताना घरी टीव्ही गेम असेल तर त्याला अजून झोपेतही येत असेल.